किमान तापमान

भाच्यानं ती आणली टूथपेस्टच्या खोक्यातून,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली, पेन्सिलीएवढी काडी.
हिमाचलात नोकरी त्याची. म्हणाला, मावशी,
हिची पानं आधी गुलाबी येतात,
मग पांढरी, मग शिंतोडे उडाल्यासारखी हिरवी.
मी म्हटलं, सावद्यात?
इथं मे महिन्यात दाराची कडी
फडक्यानं धरतो आम्ही.

तरी लावली.
न्हाणीचं पाणी जातं त्या तोंडाशी,
पश्चिमेला भिंत, भिंतीवर गोणपाट,
गोणपाटावर दिवसातून तीनदा तांब्या.
पहिला उन्हाळा तिनं
एकही पान न काढता काढला.
दुसऱ्यात पानं आली, कडा जळालेली,
बशीत चहा वाळल्यावर राहतो तसा तपकिरी काठ.

सातपुड्यातून गुमान पावरा टोपल्या विकायला आला,
सावलीला टेकला, काडी वाकवून पाहिली,
नखानं साल उचकून वास घेतला.
"ही तर वाळुंज," म्हणाला, "आमच्या नाल्यातली.
फक्त लांब जाऊन आलीय."
आणि टोपलीचे पैसे मोजता मोजता :
"पाय ओले ठेव. डोकं काप."

डोकं कापणं जमलं.
अवघड होतं ते हिरवं कापणं.
मधूनच एखादा फुटवा येतो निव्वळ हिरवा,
सरळसोट, जोमदार, कुणाचं न ऐकणारा.
तो राहू दिला की सगळं झुडूप
हळूहळू आपला रंग विसरतं.
सुभद्राकाकू कुंपणावरून बघायच्या.
"काय करू ऱ्हायली वं तू?
हिरवं कोनी कापतं का?"
मला उत्तर सुचायचं नाही.
फुटवे पदराआड धरून
मी मागच्या उकिरड्यावर टाकून यायची.

वीस वर्षं माझं काम एकच.
केळी संघाच्या आवारातली पांढरी पेटी
पहाटे सहाला उघडायची,
नळीतला आकडा वहीत लिहायचा.
दहाच्या खाली गेला की गावाला झोप नाही.
पान पिवळं पडतं,
घड बाहेर यायचा तो गळ्याशीच अडकतो.

आणि हिला नेमकं तेच हवं असतं.

पौषातल्या त्या पहाटे रानोरान धूर होता.
बांधाबांधावर वाळला पाला, ओला भुसा,
मोटारी रात्रभर चालू, माणसं कांबळ्यात.
पेटीत आकडा साडेचार.
मी लिहिला. मधलं टिंब ठळक काढलं,
कुणी पंचेचाळीस वाचू नये म्हणून.
घरी आले, फाटक लोटलं,
आणि ती समोर.

गुलाबी म्हणजे राणी नव्हे, कमळाचा नव्हे.
लसणाची पाकळी सोलताना
आतलं शेवटचं साल निघतं ना,
तो रंग, शेंड्याशेंड्याला,
आणि वर दव.

मला आनंद झाला. आधी आनंदच झाला.
मग धुराचा वास आला
आणि मी नळाखाली उगाच हात धूत राहिले.

सुपडूभाऊ, माझे दीर, रानातून थेट आले.
डोळे लाल, मिशीत राख.
ओट्यावर बसले. चहा घेतला. दुसरा घेतला.
झुडपाकडे एवढा वेळ पाहत राहिले
की मला ते झाकावंसं वाटलं.
"हिले थंडी मानवली," एवढंच म्हणाले.
मी म्हटलं, हो.
बशी पालथी घालून उठले, फाटकापर्यंत गेले, परत आले.
"एक काडी दे मले. पाटाच्या कडीले लावतो.
हिचं पान रंगाले लागलं का मी भुसा जमवाले घीन.
तुह्यावाला आकडा फळ्यावर याले
नऊ वाजता."

मी कात्री आणली.
एक काडी रंगाची कापली.
आणि एक ती हिरवी,
पंधरा दिवसांपासून कापायची म्हणत होते ती.
दोन्ही ओल्या फडक्यात गुंडाळल्या.
कोणती कोणती, ते सांगितलं नाही.